पन्हाळगड : एक रस्ता, चार खाती आणि डोंगराचे पाणी

कोल्हापूरहून रत्नागिरीच्या वाटेला लागले की वाघबीळच्या फाट्यावरून एक रस्ता वर पन्हाळ्याकडे वळतो. गडावर तीन हजारांच्या आसपास माणसे राहतात. तालुक्याची कचेरी, कोर्ट, शाळा, नगरपरिषद सगळे तटाच्या आत आहे. या सगळ्यांसाठी मोटारी जाण्याजोगा मुख्य रस्ता हाच. बुधवार पेठेवरून चढत तो चार दरवाजा नावाच्या जागी गडात शिरतो. २०१९ च्या पावसाळ्यात तो याच टप्प्यात खचला. दुरुस्ती झाली आणि जुलै २०२१ मध्ये त्याच भागात तो पुन्हा खचला. या वेळी चारचाकी वाहतूक कित्येक महिने बंद राहिली.

एका डोंगरगावाचा रस्ता दोन वर्षांत दोनदा जाणे सह्याद्रीत काही नवे नाही. तरीही या एका घटनेचा तपशीलवार विचार करण्यासारखा आहे, कारण पन्हाळ्यावर किल्ला, गाव आणि जंगल एकाच डोंगरावर एकमेकांत मिसळून आहेत आणि तिघांना बांधून ठेवणारे पाणी एकच आहे. माझे म्हणणे असे की हा प्रश्न रस्त्याचा म्हणून हाताळला गेला, तिथेच अडचण झाली. मुळात तो पाण्याचा प्रश्न आहे.

जुलै २०२१

त्या वर्षी २२ आणि २३ जुलैला पश्चिम घाटमाथ्यावर जो पाऊस झाला तो अजून कोणी विसरलेले नाही. महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. महाडजवळ तळीये गाव दरडीखाली गेले, पाटण तालुक्यात आंबेघर आणि मिरगावात घरे गाडली गेली. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट धरतात. त्या पुरात पाणी ५६ फुटांपर्यंत चढले. रेडेडोह फुटला, म्हणजे पंचगंगा तिथे पात्र सोडून पसरली, की केर्ली-आंबेवाडीकडचा रस्ता पाण्याखाली जातो, हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते. त्यामुळे पन्हाळ्याची दोन्हीकडून कोंडी झाली. खाली शहराकडची वाट पुरात होती आणि वर गडाची वाट दरीत गेली होती. गडावरच्या माणसांना पाणंदीने आणि पायवाटेने उतरावे लागले. दूध, भाजी, सिलिंडर, आजारी माणूस, नोकरीला जाणारा शिक्षक, सगळ्यांचा हिशेब पायांवर आला. पावसाळी पर्यटनावर वर्षाची बेगमी करणाऱ्या खानावळी आणि झुणका-भाकरीच्या टपऱ्यांचा हंगाम गेला.

पाऊस विलक्षण होता हे खरे. पण विलक्षण पावसात डोंगराची प्रत्येक बाजू सुटत नाही. हाच टप्पा दोनदा का सुटला, हे समजून घ्यायचे तर आधी डोंगर पाहावा लागेल.

जांभ्याची टोपी

पन्हाळा समुद्रसपाटीपासून साडेनऊशे मीटरहून उंच आहे. खालचा सगळा डोंगर काळ्या बेसाल्टचा, लाव्ह्याच्या थरांचा. माथ्यावर मात्र जांभ्याचा थर आहे. लाखो वर्षांचे ऊन आणि पाऊस यांनी बेसाल्ट कुजवून हा तांबडा, भोकाभोकांचा दगड तयार केला. पश्चिमेकडे पसरलेले मसाईचे पठार याच जातीचे. शाहूवाडी आणि राधानगरीच्या बाजूला अशाच सड्यांमध्ये, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारांमध्ये, बॉक्साइट सापडले आणि तिथे खाणी झाल्या.

जांभा पाणी अडवत नाही, पिऊन घेतो. माथ्यावर पडलेला पाऊस त्याच्या भोकांतून आणि भेगांतून खाली उतरतो. जांभा आणि पक्का बेसाल्ट यांच्यामध्ये बहुतेक ठिकाणी पांढरट-पिवळसर, चिकट मातीचा थर असतो. ही माती पाणी खाली जाऊ देत नाही. मग पाणी आडवे वाहू लागते आणि कड्याच्या पोटातून झऱ्यांच्या, उमाळ्यांच्या रूपाने बाहेर पडते. गडावरच्या विहिरी आणि तळी भरतात ती याच व्यवस्थेमुळे, आणि कडे सुटतात तेही याच व्यवस्थेमुळे. चिकण माती पाण्याने गच्च झाली की तिची पकड जाते आणि वरचा जांभ्याचा भार सरकतो. कड्याच्या पोटात आडवा चर घेऊन रस्ता काढला असेल तर त्या मातीला खालून मिळणारा आधारही कमी झालेला असतो. म्हणून अशा जागी रस्त्याच्या डांबराकडे पाहून काही कळत नाही. रस्त्याच्या वीस-तीस फूट वर पाणी कुठे मुरते आणि खाली कुठे फुटते ते पाहावे लागते.

गड बांधणाऱ्यांना हे माहीत होते

पन्हाळ्याचा जाणता इतिहास शिलाहार राजा दुसरा भोज याच्यापासून धरतात. बाराव्या शतकाच्या अखेरीस त्याची राजधानी इथे होती. पुढे यादव, बहमनी, आदिलशाही, मराठे, काही काळ मोगल आणि पुन्हा मराठे अशी सत्ता बदलत गेली. प्रत्येकाने गडावर भर घातली. तटाचा घेर सात किलोमीटरहून जास्त आहे. जवळजवळ निम्म्या घेराला तासलेला नैसर्गिक कडा आणि त्यावर बांधलेला कठडा आहे, उरलेल्या भागात जाड भिंत आहे.

एवढ्या मोठ्या गडाला पाणी पुरवणे ही सर्वांत अवघड गोष्ट होती, आणि तिच्यावर केलेली मेहनत आजही उभी आहे. तीन दरवाजाजवळची अंधार बावडी पाहा. तळाशी विहीर, तिच्यावर तीन मजली पक्के बांधकाम, आत पहारेकऱ्यांना राहण्याची जागा, कोनाडे, आणि वेळ आली तर बाहेर निसटण्याची सोय. शत्रू गडात शिरला तरी पाणी ताब्यात राहावे आणि त्यात विष कालवता येऊ नये, म्हणून विहिरीलाच किल्ल्यासारखे वेढले आहे. त्याशिवाय सोमेश्वर तळे, साधोबाचे तळे आणि जागोजागच्या विहिरी. एका ठिकाणावर विसंबायचे नाही, हा नेम सगळीकडे दिसतो. अंबरखान्यात गंगा, यमुना, सरस्वती या तीन धान्यकोठ्या आहेत. त्यांतली गंगा कोठी २५,००० खंडी धान्य मावेल अशी सांगतात. कोठ्यांना दिलेली नद्यांची नावेही मला फार बोलकी वाटतात. धान्य आणि पाणी यांचा विचार इथे एकत्रच झाला होता.

याची कसोटी १६६० मध्ये लागली. अफजलखानाच्या वधानंतर अठराव्या दिवशी, २८ नोव्हेंबर १६५९ ला शिवाजी महाराजांनी पन्हाळा घेतला. पुढच्या मार्चमध्ये सिद्दी जौहरने वेढा घातला. राजापूरच्या वखारीतला हेन्री रेव्हिंग्टन इंग्रजांचा दारूगोळा घेऊन त्याच्या मदतीला आला. वेढा चार महिन्यांहून जास्त चालला, भर पावसातही जौहरने तो ढिला होऊ दिला नाही. जुलैत आषाढी पौर्णिमेच्या रात्री महाराज राजदिंडीच्या वाटेने निसटले, शिवा काशीदने त्यांच्या रूपात मरण पत्करले, बाजीप्रभूंनी घोडखिंड रोखली आणि महाराज विशाळगडावर पोहोचले. हा प्रसंग प्रत्येक मराठी घरात सांगितला जातो. मला त्यात आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. महाराज गेल्यावरही गड काही आठवडे लढत राहिला आणि सप्टेंबरात तो आदिलशहाच्या हवाली झाला तो तह करून, पाणी संपले म्हणून नव्हे. १६७३ च्या मार्चमध्ये कोंडाजी फर्जंदाने साठ मावळ्यांनिशी तो पुन्हा जिंकला.

गडाच्या पाण्याविषयीची समज लिहून ठेवलेली आहे, आणि लिहिणाऱ्याची समाधी पन्हाळ्यावरच आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दुर्गांचे एक प्रकरण आहे. त्याचा आशय असा : जागेवर आधी पाणी आहे का ते पाहावे, मग किल्ला बांधावा, एकच झरा आहे म्हणून निश्चिंत राहू नये, कारण लढाईत तोफांच्या आवाजाने झरे आटतात, म्हणून जास्तीची टाकी खोदून ठेवावीत. तटावर उगवणारी झाडे वरचेवर काढावीत, हेही त्यांनी लिहिले आहे. तटाच्या सांध्यात शिरलेले वडा-पिंपळाचे मूळ पाणी आत घेते आणि दोन पावसाळ्यांत चिरा उचलते, हे ज्याने पाहिले त्यालाच असली सूचना सुचते.

चार दरवाजा

आता रस्ता जिथे खचला त्या जागेकडे येतो. चार दरवाजा हे गडाचे पूर्वेकडचे भक्कम प्रवेशद्वार होते. आज ते नाही.

१८४४ मध्ये कोल्हापूर संस्थानात गडकऱ्यांचे बंड झाले. गडकरी म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या गडाची राखण आणि देखभाल करणारी घराणी. या चाकरीबद्दल त्यांना जमिनी होत्या. इंग्रजांच्या सल्ल्याने संस्थानाचा कारभार पाहणाऱ्यांनी त्या जमिनींच्या व्यवस्थेत हात घातला आणि सामानगड, भुदरगडपासून बंड पेटले. बंडवाल्यांनी कर्नल ओव्हन्स याला पकडून पन्हाळ्यावर ठेवले. १ डिसेंबर १८४४ ला इंग्रज फौजेने तट फोडून पन्हाळा घेतला. नंतर पन्हाळा आणि शेजारचा पावनगड यांची तटबंदी निकामी केली गेली आणि गडकरी हटवले गेले. चार दरवाजा गेला तो तेव्हाच.

या प्रकरणाची खरी सुरुवात मी इथे धरतो. १८४४ मध्ये गडाच्या भिंती तर गेल्याच, पण गडाची निगा राखणारी माणसेही गेली. तटावरचे झाड कोण काढणार, तळ्याचा गाळ कोण उपसणार, कड्याच्या डोक्यावरची पावसाळी पन्हाळी कोण मोकळी करणार, ही कामे ज्यांच्या नावावर होती त्यांचे नावच पुसले गेले. त्यानंतर त्या कामांना सलग असा एक धनी मिळालेला नाही.

आज हिशेब असा आहे. तट, बुरूज, कोठ्या, दरवाजे केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडे. रस्ता सार्वजनिक बांधकाम खात्याकडे. गावातली गटारे नगरपरिषदेकडे. तटाखालचा उतार आणि झाडी बहुतांशी वनखात्याकडे. पाऊस मात्र माथ्यावर पडतो, गटारातून वाहतो, तटाच्या पायथ्याशी मुरतो, रस्त्याखाली फुटतो आणि जंगलात उतरतो. त्याच्या वाटेवर चार हद्दी आहेत. प्रत्येक खाते आपल्या हद्दीत काम करते, आणि मी इथे कुणाच्या प्रामाणिकपणावर शंका घेत नाही. पण खचलेल्या जागी संरक्षक भिंत बांधली आणि भिंतीमागचे पाणी बाहेर काढणारी छिद्रे पुरेशी ठेवली नाहीत, किंवा ठेवली आणि ती मातीने बुजली, तर ती भिंत पाण्याच्या दाबाने स्वतःच ढकलली जाते. भिंत उत्तम बांधली, पण वर गावातल्या गटाराचे तोंड त्याच उतारावर सोडले, तरी तेच. उपाय हद्दीच्या पलीकडे असतो आणि तिथे जाण्याचा अधिकार कुणालाच नसतो.

राहणाऱ्यांची भीती

किल्ल्यात गाव असणे ही काही लोकांना अडचण वाटते. मला ती पन्हाळ्याची सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. ताराराणींच्या वाड्यात शाळा भरली, सोमेश्वराच्या देवळात आणि साधोबाच्या दर्ग्यात दिवे लागत राहिले, आणि मोरोपंत पराडकरांसारखा कवी १७२९ मध्ये याच गडावर जन्मला. ओसाड पडलेल्या गडांवर काय घडते ते आपण पाहतोच. इथे निदान कुठला बुरूज कधी फुगला हे सांगणारे कोणी तरी घरात असते.

पण राहणाऱ्यांवर कायद्याचा भार मोठा आहे. २०१० च्या दुरुस्तीनंतर संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी आणि त्यापुढच्या २०० मीटरपर्यंत परवानगीची अट आहे. पन्हाळ्यावर संरक्षित वास्तू गावभर विखुरलेल्या असल्याने गावाचा मोठा भाग कुठल्या ना कुठल्या वर्तुळात येतो. गळके छप्पर बदलायचे तरी कागद लागतात. ११ जुलै २०२५ ला युनेस्कोने मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यांत पन्हाळा आहे. सारा महाराष्ट्र आनंदला. त्याआधी गडावरच्या रहिवाशांनी मात्र उघड चिंता मांडली होती : नियम आणखी कडक होतील का, उद्या आपल्याला उठवतील का? प्रशासनाने तसे होणार नसल्याचे सांगितले. तरी ही भीती आकसाची म्हणून झटकून टाकणे अन्यायाचे ठरेल. ज्या माणसाने २०२१ मध्ये रस्त्याविना महिने काढले, त्याला नवा दर्जा म्हणजे नवा नकाशा आणि नवी बंदी एवढेच दिसले तर त्यात त्याचा दोष काय?

उताराच्या खाली

तट ओलांडला की जंगल सुरू होते, आणि ते गडाइतकेच जुने धरायला हरकत नाही. २०२१ मध्ये सरकारने पन्हाळगड संवर्धन राखीव क्षेत्र घोषित केले. त्याचा विस्तार सुमारे ७३ चौरस किलोमीटर आहे. शेजारी विशाळगड राखीव सुमारे ९३ चौरस किलोमीटरचे, आणि मसाई पठारालाही असाच लहानसा दर्जा मिळाला. नकाशावर हे तुकडे एकत्र पाहिले की अर्थ लागतो. उत्तरेला कोयना आणि चांदोली मिळून झालेला सह्याद्री व्याघ्र प्रकल्प, दक्षिणेला गव्यांसाठी १९५८ पासून राखलेले राधानगरी-दाजीपूर. मधली जागा जनावरांच्या येण्याजाण्याची. गवा, बिबट्या, सांबर, भेकर या वाटेने फिरतात. आंबा घाटाकडच्या दाट रानात शेकरू आहे. २०१८ मध्ये व्याघ्र प्रकल्पातल्या कॅमेऱ्यात वाघ दिसला, तेव्हा या मधल्या जागेचे मोल आणखी वाढले.

मधली जागा रिकामी नाही. कासारी आणि वारणेच्या खोऱ्यांत ऊस उभा असतो. गव्यांना तो आवडतो. रात्रीत कळप शिरला तर शेतकऱ्याचे वर्षाचे पीक तुडवले जाते, आणि भरपाईच्या कागदासाठी त्याला पन्हाळ्याच्याच कचेरीत चढावे लागते.

मसाईच्या पठारावर प्रश्न वेगळा आहे. पावसाच्या शेवटी तिथे सोनकी, तेरडा, गेंद, सीतेची आसवे फुलतात. कीटक खाणारी दवबिंदूची इवली रोपे सड्यावरच्या ओलीत असतात. जांभ्यावरची माती बोटभर जाडीची. तिच्यावरून गाडीचे चाक गेले की खोबण पडते, पाणी त्या खोबणीतून पळते आणि पुढच्या वर्षी तिथे फूल येत नाही. पठार सपाट आणि मोकळे असल्याने चित्रीकरणाला पसंत पडते. २०१७ च्या मार्चमध्ये एका मोठ्या हिंदी चित्रपटाचा सेट इथे उभा होता आणि तो जाळला गेला. त्या वादात इतिहासाची चर्चा खूप झाली. एवढा अवजड पसारा या पठारावर उभा राहू द्यावा का, हा प्रश्न फार थोड्यांनी विचारला. दर जुलैत पन्हाळ्याहून पावनखिंडीकडे निघणारे शेकडो पदभ्रमंतीकार याच पठारावरून जातात. त्यांच्या पायांनी फारसे नुकसान होत नाही. सोबत आलेल्या जीपगाड्या पठारावर चढवल्या की होते.

पठारावरची खोबण आणि चार दरवाजाजवळची दरड यांचे मूळ कारण एकच आहे. मुरायचे पाणी वाहू लागले, आणि वाहून जायचे पाणी नको तिथे मुरू लागले.

काय करता येईल

संवर्धन राखीव क्षेत्राच्या कायद्यात एक तरतूद आहे, जिच्याकडे या प्रकरणात कोणी पाहिलेले मला दिसले नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३६ ब नुसार अशा क्षेत्रासाठी सरकारने व्यवस्थापन समिती नेमायची असते. तिच्यात वनखात्याबरोबर त्या हद्दीतल्या प्रत्येक ग्रामपंचायतीचा एक प्रतिनिधी असतो, वन्यजीवांसाठी काम करणाऱ्या संस्थांचे तिघे असतात, शेती आणि पशुसंवर्धन खात्याचे एकेक असतात. म्हणजे उताराच्या खालच्या गावांना कायद्याने बसायला जागा दिली आहे. गडाच्या माथ्यावर राहणाऱ्यांना तशी जागा नाही. जागतिक वारशाच्या दर्जाबरोबर व्यवस्थापन आराखडा सक्तीचा असतो. त्या आराखड्यात गड आणि उतार यांची एकच समिती करावी, पुरातत्त्व, बांधकाम, वन आणि नगरपरिषद या चौघांना तिच्यात बसवावे आणि मंगळवार पेठेपासून बुधवार पेठेपर्यंतच्या रहिवाशांना मताचा हक्क द्यावा. माझ्या मते हे शक्य आहे आणि त्यासाठी नवा कायदा लागत नाही.

या समितीने पहिले काम मोठे घेऊ नये. भूजलाच्या जाणकारांकडून गडाच्या सगळ्या झऱ्यांचा, उमाळ्यांचा आणि गटारांच्या तोंडांचा एक नकाशा करून घ्यावा. गडावरच्या म्हाताऱ्या माणसांना यातले निम्मे झरे तोंडपाठ आहेत. बंद पडलेल्या विहिरी आणि तळी यांचा गाळ उपसावा. पावसाचे पाणी कड्यापर्यंत पोहोचण्याआधी त्यांत थांबले तर उन्हाळ्यात खालून पंपाने चढवाव्या लागणाऱ्या पाण्याचा भारही कमी होईल. तटावरची झाडे मुळासकट, पुरातत्त्व खात्याच्या पद्धतीने काढावीत. रस्त्याच्या भिंतीची छिद्रे दर वर्षी मे महिन्यात उघडून पाहावीत आणि ती कोणी पाहिली त्याची नोंद नगरपरिषदेच्या फलकावर लावावी. पर्यायी वाट म्हणून निदान रुग्णवाहिका उतरेल एवढी एक पाणंद बारमाही चालू ठेवावी. मात्र ती राखीव जंगलातून जात असेल तर रात्री बंद राहील अशी, कारण गव्यांची ये-जा रात्रीची.

नव्या रुंद रस्त्याची मागणी अधूनमधून होते. तिला माझा विरोध आहे. कड्याच्या पोटात आणखी एक चर म्हणजे चिकण मातीचा आणखी एक थर उघडा पडणे. आहे त्या रस्त्यावर मोठ्या बस बंद करून वाघबीळहून लहान गाड्यांची फेरी सुरू केली तर रस्त्यावरचा भार आणि सुट्टीच्या दिवशी गडावर होणारी कोंडी दोन्ही कमी होतील, आणि त्या गाड्या चालवण्याचे पहिले परवाने बुधवार पेठेतल्या तरुणांना देता येतील. २०२१ मध्ये रस्ता त्यांच्याच दारात तुटला होता.